अळ्या कुठून आल्या

ये बाई, जवळ ये. अशी नाही, अजून जवळ. तो मोबाईल उलटा करून ठेव आणि बस. तू पुण्यात आणि मी इथे शहाद्यात, पण हे वाचशील तेव्हा आजीजवळ पलंगावर बसली आहेस असं समज. आधी तुला रागावून घेते. तुझी आई फोनवर सांगत होती, तुझ्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात अळ्या झाल्या आणि तू तो डबा झाकणासकट पिशवीत गुंडाळून फेकून दिलास. चांगला पायाने दाबला की उघडणारा डबा! आणि वर दोन दिवस धड जेवली नाहीस म्हणे. अगं वेडे, डब्याने तुझं काय घोडं मारलं होतं? डबा फेकलास, पण अळ्या कुठून आल्या ते पाहिलंस का? नाही ना? मग नव्या डब्यातही होतील. तेव्हा तोही फेक.

बरं, रुसू नकोस. मला फार बोलायचा हक्क नाही, तेही सांगते. तू नुसता डबा फेकलास. आपल्या घरातून तर याच अळ्यांपायी एक बाई तिच्या लेकीसकट बाहेर पडायची वेळ आली होती, तीही पोरीच्या परीक्षेच्या तोंडावर. आणि त्यात माझा हात केवढा होता, ते तुला तुझ्या मामाने सांगितलं नसणार. मीच सांगते.

आपल्या घराच्या उजव्या अंगाचा बोळ तुला माहीत आहे. तिथेच तू सायकल शिकताना नळावर आदळली होतीस. त्या बोळाच्या शेवटी मागच्या दोन खोल्या आहेत. तिथे दीड वर्षापासून एक बाई आणि तिची लेक राहतात. मूळचं गाव त्यांचं नर्मदेच्या काठी, सातपुड्यातलं. ते धरणाच्या पाण्यात गेलं. आता नवरा तळोद्याकडे मिळालेल्या जमिनीवर राहतो, शेती करतो. ही बाई इथे कशासाठी, तर लेकीच्या शिक्षणासाठी. पोर लोणखेड्याला कॉलेजात जाते आणि आई घरी मशीनवर बसून साड्यांना फॉल लावते, ब्लाऊज शिवते. हात फार सफाईचा. माझे ब्लाऊज तीच शिवते आता. बाही कधी तंग होत नाही.

आपल्याकडे येण्याआधी तिने खोलीसाठी किती दारं पाहिली, ते मला फार उशिरा कळलं. आडनाव सांगितलं की घरमालकांना एकदम आठवायचं, की अरे, ही खोली तर भाच्यासाठी ठेवली आहे. आम्ही आडनाव ऐकूनही दिली. याचा मला मोठा अभिमान होता, बरं का. चार बायकांत बसले की सांगायची मी. आज लिहिताना मात्र कसंतरी होतं.

आता आपल्या घरात मासळी शिजत नाही, तुला ठाऊक आहे. ती बाई आठवडे बाजारातून सुके बोंबील आणायची. ज्या दिवशी ते तव्यावर पडायचे, त्या दिवशी तुझी मामी खिडकी लावून घ्यायची, जरा आवाज होईल अशी. ती बाई खाऊन झालं की काटे, डोकी, सगळं कागदात बांधून सकाळी स्वतः घंटागाडीत टाकून यायची. फाटकाशी ठेवलेल्या आमच्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात तिने कधी एक काटा टाकला नाही.

आणि आमचं काय? आमची गायीची बादली.

आपल्या घरात खाण्याचं काही कचऱ्यात जात नाही. सासूबाईंचा दंडक. पहिली पोळी गायीची. शिवाय भाजीचे देठ, सालं, उरलेला भात, शिळी भाकर, सगळं एका बादलीत. ती बादली बोळात, गच्चीच्या जिन्याखाली, सावलीत, झाकण घालून असते. सकाळी दहाच्या सुमारास कॉलनीत एक तांबडी गाय फिरते, ती फाटकाशी येऊन उभी राहिली की मी बादली नेऊन तिच्यापुढे धरते. चाळीस वर्षं झाली, गायी बदलल्या, घर बदललं, बादली चुकली नाही. आणि एक गोष्ट. ती बादली आम्ही घासत नाही. सासूबाई म्हणायच्या, गायीचं तोंड लागलं की ते उष्टं नसतं, घासायचं काय त्यात? पाण्याचा एक हबका मारायचा आणि पालथी न घालता तशीच ठेवायची, घरातली बादली रिकामी पालथी घालू नये म्हणून. मी तेच केलं. कधी मनातही आलं नाही, की तळाशी काय असेल.

तर आखाजी आली, तुमची अक्षय्य तृतीया. तुझी आई आली, मावशी आली, पोरं आली. तू आली नाहीस, तुझं ते ऑफिस. बारा माणसं घरात आणि चार दिवस दोन्ही वेळा आमरस. ऊन तर असं, की नळाचं पाणी दुपारी हाताला चटके देई. सालं, कोयी, रसात बुडालेले पोळीचे तुकडे, सगळं बादलीत. आणि गाय? तीही बिचारी कंटाळली होती. प्रत्येक दारात तिला आमरसच. वरवर तोंड लावायची, माझ्याकडे बघायची, आणि निघून जायची. मला वाटायचं, उन्हाने भूक मेली असेल. मी बादली परत जिन्याखाली ठेवायची आणि वरून ताजं टाकायची.

पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तुझी मामी बोळ झाडत होती. झाडता झाडता शेवटपर्यंत गेली आणि भाडेकरू बाईच्या पायरीजवळचं पाय पुसायचं गोणपाट तिने उचललं.

"आई! आई, लवकर या!"

"काय व्हयनं वं? साप निंघना का?"

"साप परवडला असता!"

मी गेले. गोणपाटाखाली पांढऱ्या अळ्या. दहा-वीस नाही, ओंजळभर असतील. उजेड पडला तशा सगळ्या एकदम अंधाराकडे पळायला लागल्या. पाय नाहीत काही नाहीत, अंग लांब करायचं आणि ओढून घ्यायचं, पण काय लगबग! मामीने पदर नाकाला लावला. "मी म्हणत नव्हते? हे त्या बोंबलांचं. रोज वास, रोज वास. आता घ्या."

ती बाई मशीनवरून उठून आली. तिने पाहिलं, आत गेली, पातेलंभर पाणी उकळून आणलं आणि ओतलं. मग खराट्याने सगळं स्वच्छ करताना हळूच म्हणाली, "ताई, माझ्याकडे आठ दिवस मच्छी शिजली नाही. माशी कुठेतरी बसली असेल. माशी बसली तर अळी होते."

"मग काय आमच्या पुरणपोळीतून निघाल्या का?" मामी म्हणाली.

आणि मी, बाई, हसले. खरंच हसले. पुरणपोळीतून अळ्या ही कल्पनाच मला इतकी गमतीची वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच, पुन्हा तेवढ्याच. आता मामीने शेजारी सांगितलं, समोर सांगितलं, वळणावरच्या मास्तरांच्या घरी सांगितलं. संध्याकाळी तुझा मामा कामावरून आला, बूट काढायच्या आधी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "रविवारी घरी आहे. सांगून टाकतो, महिना संपला की खोली रिकामी करा."

मी म्हटलं, "पोरनी परीक्षा शे ना रे, पुढना हप्तामा."

"मग परीक्षा होईपर्यंत आपण काय अळ्या पाळायच्या, माय?"

खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा ते बोंबलांचंच वाटत होतं. फक्त पोरीची परीक्षा डोक्यात होती. ती पोर पहाटे चारला उठून वाचते. पुटपुटत वाचते, पाढे म्हटल्यासारखं. मला झोप कमी, मी ऐकत पडते. काही कळत नाही, पण बरं वाटतं.

शुक्रवारी सकाळी मामीच्या आधी मी बोळात गेले. का गेले, तर मला बघायचं होतं. तुला माहीत आहे माझी खोड. लहानपणी चौथीतून शाळा सुटली, पण बघायची खोड सुटली नाही. सुगरणीचा खोपा बघायला मी बाभळीवर चढले होते आणि आईचा मार खाल्ला होता. तर मी एका लग्नपत्रिकेने सात-आठ अळ्या उचलल्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकल्या. तोंडाला जुन्या साडीचं फडकं बांधलं.

"आई! लोणच्याच्या बरणीत?"

"रिकामी शे ना वं."

"आता कायमची रिकामी," मामी म्हणाली, आणि ओट्यापासून दोन हात लांब उभी राहिली.

मी चष्मा लावून, खिडकीशी बसून बघत राहिले. एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला जाड. जाड टोकाला दोन काळे ठिपके. मी त्यांना डोळे समजले. म्हटलं, कशी टकमक बघतेय माझ्याकडे! तर ती चालायला लागली ती उलटीच. ठिपके मागे आणि टोक पुढे! म्हणजे मी अर्धा तास तिच्या पाठीकडे बघून तोंड समजत होते. हसूच आलं मला. आंधळी होती बिचारी, पण उजेड तिला कळत होता. बरणी फिरवली की त्या फिरायच्या, नेहमी सावलीकडे.

मग मला वाटलं, उपाशी असतील. दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा टाकला. काय आश्चर्य, एकीनेही तोंड लावलं नाही! त्या तुकड्याला वळसा घालून काचेवर चढत होत्या, पडत होत्या, पुन्हा चढत होत्या. कुठेतरी जायचं होतं त्यांना. शेवटी मी कुंडीतली कोरडी माती मूठभर टाकली. बघता बघता सगळ्या मातीत बुडी मारून गडप. पाच मिनिटांत बरणीत नुसती माती दिसत होती.

मी तिथेच बसून राहिले. चहा गार झाला. ज्याला भूक लागली आहे ते जेवणाकडे जातं. यांचं पोट भरलेलं होतं. या जेवून निघाल्या होत्या आणि आता कोरडी, अंधारी जागा शोधत होत्या, लपून बसायला. गोणपाटाखाली कोरडं होतं, अंधार होता. म्हणजे त्या बाईच्या दाराशी त्या जन्मल्या नव्हत्या, तिथे येऊन थांबल्या होत्या. मग जेवल्या कुठे?

संध्याकाळी मामाला सांगितलं. तो हसला. "माय, तू आते अळ्यासनी वकील व्हयनी का?"

"वकील नई. पन तू दख तर खरं, त्या कोठेन येतस."

"रविवारी काय सांगायचं ते सांगणार मी. तू त्यात पडू नको."

शनिवारी दुपारी ब्लाऊजचं माप द्यायच्या निमित्ताने मी त्या बाईकडे गेले. दार उघडंच होतं. आत पत्र्याच्या पेटीवर जुन्या साडीत बांधलेलं एक गाठोडं होतं. भांडी असावीत, टोकं दिसत होती. मामाने अजून सांगितलं नव्हतं, पण मामीचं बोलणं बोळात किती दूर जातं ते तिला ठाऊक होतं. मी गाठोड्याकडे बघितलं आणि तिने मला बघताना बघितलं.

"आवरून ठेवलं," ती म्हणाली. "एकदम सांगितलं तर पोरीची धावपळ नको."

मी अळ्यांचंच विचारलं. म्हटलं, तुम्ही त्या दिवशी म्हणालात, माशी बसली तर अळी होते, ते काय? मला तर सत्तर वर्षं वाटत आलं, की काही कुजलं की त्यातूनच अळ्या पडतात. आपण म्हणतोही तसंच, भाजीत अळ्या पडल्या. जशा काही वरून पडतात.

ती पहिल्यांदा हसली. "माय, आमच्याकडे मांस वाळवतात तेव्हा धूर करतात, वर फडकं बांधतात. माशी आत गेली नाही तर महिनाभर काही होत नाही. एक माशी आत गेली तर तीन दिवसांत सगळं फेकायचं. हे आमच्या लहान पोरालाही माहीत असतं."

बघ. बुधवारीच तिने सांगितलं होतं. पण तिच्या तोंडून आलं म्हणून आम्ही ऐकलं नव्हतं.

मग मी तिला म्हटलं, उद्या सकाळी मी येईपर्यंत बोळात पाऊल टाकू नका. तिचं हसू गेलं. "माझ्या दारावर पाळत ठेवता का, माय?"

"पाळत अळ्यांवर आहे," मी म्हटलं. पण ते मलाच पटलं नाही.

दिवेलागणीच्या आधी मी रांगोळीचा डबा आणि पिठाची चाळण घेतली. बोळातली फरशी काळी आहे, ती झाडून घेतली आणि फाटकापासून त्या बाईच्या पायरीपर्यंत चाळणीने पातळ रांगोळी भुरभुरली. कंबर मोडून आली. मामी दारात उभी राहून बघत होती. "आई, लोक म्हणतील म्हातारीने करणी केली." मी म्हटलं, म्हणू देत, सकाळी बोळ झाडू नकोस एवढंच कर.

रविवारी उजाडलं तशी मी चष्मा पुसत बोळात गेले. आणि काय सांगू तुला! रांगोळीवर रेघा. केसाएवढ्या नाही, सुतळीएवढ्या. काही सरळ, काही नागमोडी, काही गोल फिरून परत आलेल्या, जसं लहान मूल पाटीवर पहिल्यांदा पेन्सिल फिरवतं. एखादी भिंतीला धडकून वळलेली. किती सुंदर दिसत होतं, म्हणून लाज वाटते सांगायला. एका रेघेच्या टोकाला अजून एक अळी चालत होती, तिच्या मागे रेघ उमटत होती.

मला वाटलं होतं रेघा फाटकाकडून येतील, हिरव्या डब्याकडून. तर फाटकाच्या बाजूला रांगोळी कोरी होती. एकसुद्धा रेघ नाही. मी वाकून, भिंत धरून, उलट्या दिशेने चालत गेले. जिथे त्या दोन-दोन होत्या तिथून चार-चार, मग दहा-दहा, आणि जिन्याखाली तर रांगोळी उरलीच नव्हती, सगळी विस्कटलेली.

तिथे गायीची बादली होती.

मी बादली उचलली. बुडाखाली वळवळ, झाकणाच्या फटीतही. झाकण काढलं. वर कालच्या भाकरी चांगल्या होत्या. चमच्याने खाली उकरलं. तळाशी आखाजीची सालं काळी पडून लगदा झाला होता आणि तो लगदा हलत होता. आपण झाकण ठेवतो ते बादलीत टाकून झाल्यावर. पण त्या आधी सालं दुपारभर ओट्यावर परातीत उघडी पडलेली असत, सगळ्यांची झोप होईपर्यंत. माशीला तेवढं पुरतं. बसून अंडी घालायची आणि उडून जायचं. मीच मग तिची अंडी झाकण लावून जपत होते. पुरणपोळीतूनच निघाल्या होत्या की गं!

आता पुढचं ऐक, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. घरात कुणी उठलं नव्हतं. मी नळ सुरू केला. खराटा हातात घेतला. बादली विसळायची, रांगोळीवर पाणी मारायचं, पाच मिनिटांचं काम. पुन्हा अळ्या झाल्या नसत्या, कुणाला काही कळलं नसतं. मामाने त्यांना सांगायचं ते सांगितलं असतं. चाळीस वर्षं गोग्रास देणारी मी, माझ्या बादलीत अळ्या, हे कॉलनीत कळण्यापेक्षा... खरंच, हात खराट्यावर होता.

आणि मागच्या खोलीतून त्या पोरीचं पुटपुटणं येत होतं. एक ओळ तिला येत नव्हती. पुन्हा पुन्हा तीच म्हणत होती, अडकायची, पुन्हा सुरुवात. मी नळ चालू ठेवून ऐकत उभी राहिले. चौथ्या-पाचव्या वेळी ती ओळ पूर्ण म्हणून गेली पुढे. मी नळ बंद केला.

"समदा आठे या रे!" मी हाक मारली. अशी मारली की समोरच्या घराचीही खिडकी उघडली.

मामा बनियनवर आला, मामी केस बांधत आली. ती बाई तिच्या दारातच थांबली, पाऊल टाकू नका म्हटलं होतं ना मी. पोर तिच्या मागे, पुस्तकात बोट धरून.

"हाई दखा," मी म्हटलं. "रेघा कोठेन निंघतस ते दखा."

मामा वाकून वाकून गेला. जिन्यापाशी थांबला. बादलीत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आई, ही तर गायीची..." मामी म्हणाली.

"मन्ही बादली शे," मी म्हटलं. "मन्ही चूक शे."

मामा बादलीकडे बघतो, मामी फरशीकडे. मी मामाला म्हटलं, आज तू त्यांना काहीतरी सांगणार होतास. तो हळूच म्हणाला, "दखू, माय, नंतर." मी म्हटलं, "नंतर दखू नई. आते जाय." पन्नाशीचा माणूस तो, पण गेला. रांगोळी न पुसता भिंतीच्या कडेने, आणि त्या बाईसमोर उभा राहून म्हणाला, "चूक आमची होती. तुम्ही कुठे जायचं नाही." एवढंच. जास्त त्याला येत नाही.

ती बाई मामाला ओलांडून माझ्याकडे बघत म्हणाली, "माय, मला सांगितलंत, ठीक. पण समोरच्यांना सांगाल का? मास्तरांच्या बाईंना? त्यांनी परवा माझ्याकडून शिवायला टाकलेले दोन ब्लाऊज परत नेले."

हे मला माहीतच नव्हतं. मी मामीकडे बघितलं. मामी म्हणाली, "मी जाते आई, मीच बोलले होते." मी म्हटलं, तू बोललीस, पण बादली माझी.

दोघी गेलो. अंघोळ करून, लुगडं नेसून, जसं हळदीकुंकवाला जावं तशी मी तीन घरी गेले. चहा नको म्हटलं आणि उभ्यानेच सांगितलं, त्या बाईच्या घरात अळ्या नव्हत्या, माझ्या गायीच्या बादलीत होत्या. समोरच्या बाईने "असू द्या हो, होतं" म्हणून हसण्यावारी नेलं. मास्तरांची बायको मात्र चिवट. "गायीच्या बादलीत कशा होतील? तुम्ही त्यांना सांभाळून घेताय." मी तिला हाताला धरून बोळात आणलं आणि बादली दाखवली. तिने एकदा वाकून बघितलं आणि घरी जाऊन आधी स्वतःची बादली उघडली म्हणे. तिच्यात काय निघालं ते ती सांगत नाही. ब्लाऊजचं कापड मात्र दुसऱ्या दिवशी परत आलं.

बादलीचं काय केलं, ते तुझ्या कामाचं आहे, ऐक. आधी उकळतं पाणी ओतलं, अर्धा तास तसंच झाकून ठेवलं. तो लगदा कुंडीपलीकडे हातभर खड्डा करून पुरला, वरून माती दाबली. मग मीठ आणि राख घेऊन बादली घासली, सासूबाईंची मनात माफी मागून, आणि दिवसभर उन्हात पालथी घातली. उन्हात वाळणं मोठं. ओलसर राहिलं की माशांना पुन्हा बोलावणं. आता सालं पातेल्यातून थेट झाकणाखाली जातात, दुपारची झोप नंतर. गायीने तोंड फिरवलं तर जे उरेल ते त्याच सकाळी घंटागाडीत. पहिल्यांदा टाकलं तेव्हा गाडी वळणावर जाईपर्यंत बघत राहिले. आता सवय होते आहे.

ती बरणी मी ठेवली होती. मातीतल्या अळ्यांचं काय झालं, ते बघायचं होतंच. दोन दिवसांनी माती उकरली तर अळ्या नाहीत, तांबूस दाणे. गव्हापेक्षा बारीक, टणक, हलत नाहीत. मला वाटलं मेल्या. ती शिवणवाली बाई म्हणाली, थांबा. पाच-सहा दिवसांनी, पोरीचा एक पेपर झाला त्या दिवशी, मी तिला खिडकीशी बोलावलं. एका दाण्याची टोपी उघडल्यासारखी उघडली आणि आतून माशी बाहेर आली. ओली, राखी, पंख चुरगळलेले, जसं इस्त्री न केलेलं ओढणीचं टोक. ती मातीवर भिरभिर पळत होती, उडता येत नव्हतं. मग हळूहळू पंख सरळ झाले. आम्ही दोघी कपाळाला कपाळ लावून बघत होतो. मामीही आली, लांबून, पण आली. सत्तर वर्षं मी माशा हाकलल्या, सत्तर वर्षं अळ्या बघितल्या, आणि ते एकच आहे हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मारल्या का, विचारशील. हो, मारल्या. बरणीत गरम पाणी ओतलं. दया आली नाही असं नाही.

परीक्षा झाली पोरीची. बरे गेले पेपर म्हणते. ती आता सुट्टीत तळोद्याकडे जाऊन-येऊन असते. तिची आई माझ्याशी बोलते, हसते, परवा तिने मला नर्मदेच्या माशांच्या गोष्टी सांगितल्या, मीही ऐकल्या. मामी खिडकी आता आवाज न करता लावते, किंवा कधी विसरते. पण पत्र्याच्या पेटीवरचं ते गाठोडं अजून सुटलेलं नाही. शिवायला टाकायला गेले की माझी नजर तिथे जाते. पुढच्या वर्षी राहणार का, मी विचारत नाही. विचारलं तर ती हो म्हणेल, आणि ते हो माझ्या मानासाठी असेल. सोडायचं असेल तेव्हा ती सोडेल.

म्हणून म्हणते, तू ये. ती पोर तुझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, पुण्याबद्दल तिला फार विचारायचं असतं आणि मला काय माहीत पुण्याचं? माझ्याशी नीट बोलते, पण अजून मला आजी म्हणत नाही. तू आलीस, बोळात दोघी बसलात, गप्पा मारल्यात, तर तिला हे घर जरा तिचं वाटेल, असं आपलं माझ्या मनाला वाटतं. कॉलेज सुरू व्हायच्या आत ये. रजेचं काय ते बघ, नाहीतर शनिवारी गाडीत बस आणि रविवारी परत जा, पण ये. मी स्टँडवर मामाला पाठवते.